६० दिवसांची मुदत आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे युद्धाधिकार

प्रश्न – घटनावाचक

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही दोन सभागृहे असलेल्या तेथील संसदेला, दिला आहे आणि दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षांना सरसेनापती केले आहे. काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारल्याची शेवटची वेळ म्हणजे जून १९४२, तीही बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानिया यांच्याविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, कोसोव्हो, लीबिया येथे अमेरिकी सैन्य लढले, पण रीतसर युद्ध कुठेच पुकारले गेले नाही. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावाने राष्ट्राध्यक्षांवर ६० दिवसांची मर्यादा घातली, असे सगळीकडे लिहिलेले आढळते. ती मर्यादा ओलांडली गेली तर पुढे नेमके काय होते? कोणता पक्ष बरोबर, हे मला विचारायचे नाही. कायद्याची यंत्रणा कुठे अडते, ते समजून घ्यायचे आहे.

उत्तर – जुनी पाने

अडचण १९७३ च्या कितीतरी आधीची आहे. १७८७ च्या घटनापरिषदेत मूळ मसुद्याप्रमाणे युद्ध ‘करण्याचा’ अधिकार काँग्रेसकडे होता. १७ ऑगस्टला परिषदेचे सदस्य मॅडिसन आणि गेरी यांच्या सूचनेवरून तो ‘पुकारण्याचा’ झाला. अचानक हल्ला झाल्यास तो परतवून लावण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना कोणाची वाट पाहावी लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. हेतू रास्त होता, पण सैन्य कुठे नेऊन उभे करायचे हे ज्याच्या हाती, हल्ला कुठे होईल हेही बऱ्याच अंशी त्याच्याच हाती राहते.

१८४६ मध्ये राष्ट्राध्यक्ष पोक यांनी न्युसेस आणि रिओ ग्रांदे या नद्यांमधल्या, मेक्सिकोशी वाद असलेल्या पट्ट्यात फौज पाठवली, तेथे चकमक झाली, आणि मग युद्ध आधीच सुरू झालेले आहे असे त्यांनी काँग्रेसला कळवले. काँग्रेसने मंजुरी दिली. हे युद्ध विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केले गेले, असे प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी म्हटले ते जानेवारी १८४८ मध्ये, म्हणजे शांततेच्या तहावर सह्या होण्याच्या काही आठवडे आधी. प्रतिनिधिगृहाचे सदस्य असलेले, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंकन त्या वेळी पोक यांच्या टीकाकारांपैकी होते.

उत्तर – कलमवाचन

आपला प्रश्न यंत्रणेचा आहे, म्हणून ठरावाच्या कलमांपासूनच सुरुवात करतो.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार दोन्ही सभागृहांनी मोडून काढल्यावर, म्हणजे नोव्हेंबर १९७३ मध्ये, हा ठराव कायदा झाला. सैन्य लढाईत उतरवले की ४८ तासांत काँग्रेसला अहवाल द्यायचा. तो दिल्यापासून किंवा द्यायला हवा होता तेव्हापासून ६० दिवसांत काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही तर कारवाई थांबवायची. सैन्य सुखरूप माघारी आणण्यासाठी आणखी ३० दिवस मिळू शकतात. कागदावर हे चोख आहे. मात्र अहवाल तीन प्रकारचे असतात आणि मुदत फक्त पहिल्या प्रकाराला, प्रत्यक्ष लढाईच्या अहवालाला लागू होते. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष अहवाल पाठवतात, पण तो कोणत्या उपकलमाखाली आहे हे लिहीत नाहीत. ते उपकलम स्पष्टपणे नमूद करणारा अहवाल राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मे १९७५ मध्ये, कंबोडियाने पकडलेल्या मायाग्वेझ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या प्रकरणात दिला, आणि तोपर्यंत ती कारवाई आटोपलेली होती! मुदत कायद्याने सुरू होत असेलही. पण ती सुरू झाली हे ठरवणारा कोणी नाही. २०११ मध्ये लीबियाच्या बाबतीत ओबामा प्रशासनाने याच्याही पुढचे पाऊल टाकले: अमेरिकी पायदळ तेथे नाही, समोरून मारा जवळजवळ होत नाही, सबब ही त्या कायद्याच्या अर्थाने लढाईच नाही.

दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. मूळ ठरावानुसार दोन्ही सभागृहांच्या साध्या बहुमताने, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय, सैन्य परत बोलावता येत होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात अशा सहीविना निर्णयांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. खटला स्थलांतरितांच्या हद्दपारीचा होता, युद्धाचा नव्हे, पण त्याची झळ या कलमालाही लागली. आता युद्ध थांबवणाऱ्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात आणि तो मोडायला दोन्हीकडे दोन-तृतीयांश मते लागतात. २०१९ मध्ये येमेनमधील युद्धातला अमेरिकी सहभाग थांबवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला, आणि सिनेटमध्ये ५३ विरुद्ध ४५ असे स्पष्ट बहुमत असूनही तो नकाराधिकार टिकला. घटनेत युद्धासाठी बहुमत मिळवण्याचा भार राष्ट्राध्यक्षांवर होता. आज ते थांबवण्यासाठी दोन-तृतीयांश मिळवण्याचा भार काँग्रेसवर आहे. शंभरपैकी ३४ सिनेटर पाठीशी असले की राष्ट्राध्यक्षांचे भागते.

उत्तर – सभागृहनिरीक्षक

कलमांचे विवेचन पटले. तरी काँग्रेसला इतके असहाय मानू नये. तिला पुष्कळदा निर्णयच नको असतो. २८ एप्रिल १९९९ रोजी, कोसोव्होवरून सर्बियावर बॉम्बफेक चालू असताना, प्रतिनिधिगृहाने युद्ध पुकारण्याचा प्रस्ताव २ विरुद्ध ४२७ मतांनी फेटाळला, सैन्य मागे घेण्याचा १३९ विरुद्ध २९० मतांनी फेटाळला, आणि हवाई हल्ल्यांना मंजुरी देण्यावर २१३–२१३ अशी बरोबरी झाल्याने तोही पडला. पुढच्याच महिन्यात त्याच मोहिमेसाठी पैसे मात्र मंजूर केले. लीबियाच्या वेळीही २४ जून २०११ रोजी परवानगी नाकारली गेली आणि निधी तोडणेही नाकारले गेले. युद्ध फसले तर बोल राष्ट्राध्यक्षांना लागावा आणि यशस्वी झाले तर विरोधाची नोंद नसावी, एवढाच या मतदानांतून निघणारा अर्थ मला दिसतो.

घटनावाचक

सर्वांचे आभार. न्यायालय ही मुदत लागू करू शकत नाही का? आणि खर्च रोखण्याचा मार्ग कधी खरोखर चालला आहे का?

उत्तर – कलमवाचन

न्यायालये हात आखडता घेतात. वर आलेल्या कोसोव्होच्या मतदानानंतर प्रतिनिधिगृहाच्या काही सदस्यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याविरुद्ध दावा लावला, त्यात कँपबेल हे सदस्य पुढे होते. अपील न्यायालयाने २००० मध्ये, दावा आणण्याचा हक्कच त्यांना पोचत नाही, असे म्हणून तो निकाली काढला. सभागृहाने स्वतः स्पष्ट मनाई केली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

खर्चाचा मार्ग एकदा ठळकपणे चालला. जून १९७३ मध्ये काँग्रेसने कंबोडियावरील बॉम्बफेकीचा पैसा तोडणारे विधेयक मंजूर केले, निक्सन यांनी ते फेटाळले आणि प्रतिनिधिगृहाला तो नकार मोडता आला नाही. पण आर्थिक वर्ष संपत आले होते आणि सरकार चालवायला निधीची विधेयके संमत होणे भागच होते. काँग्रेसने तीच मनाई त्यांना पुन्हा जोडण्याची तयारी दाखवली. राष्ट्राध्यक्षांना तडजोड करावी लागली, १५ ऑगस्टची तारीख ठरली, आणि त्या दिवशी बॉम्बफेक थांबली. सैन्याची तरतूद दोन वर्षांहून जास्त काळासाठी करता येणार नाही, ही घटनेतली जुनी अट मला म्हणूनच ६० दिवसांच्या मुदतीपेक्षा धारदार वाटते: तिथे नवे बहुमत राष्ट्राध्यक्षांना मागावे लागते, काँग्रेसला नाही.