घोड्यांच्या मुलखातून भटकंती : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या आसपास गाडीने फिरून आलेल्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही ओल्ड फ्रँकफर्ट पाइक हा जुना रस्ता धरला. अरुंद रस्ता, वर झाडांची कमान, कडेला चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे. लेकाने गाडी थांबवायला लावली. वरचा थर उभ्या दगडांचा, फळीवर पुस्तकं लावावीत तसा! जमिनीखालीही हाच चुनखडक आहे. त्यातला कॅल्शियम पाण्यात आणि गवतात उतरतो. शिंगरांची हाडं त्यानेच भक्कम होतात, असं तिथले घोडेवाले मानतात.

*

आम्ही पॅरिसला (केंटकीतल्या!) क्लेबोर्न फार्मवर गेलो होतो. आधी बुकिंग करा, आयत्या वेळी आत सोडत नाहीत. तिथे सेक्रेटेरियट या शर्यतीच्या घोड्याची समाधी आहे. १९७३ची बेलमाँट शर्यत त्याने तब्बल ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली होती. शर्यतीच्या घोड्याचं सहसा डोकं, हृदय आणि खूर एवढंच पुरतात. त्याला मात्र अख्खा पुरला आहे. साधासा दगड, पण माझे वडील टोपी काढून उभे राहिले.

*

केंटकी हॉर्स पार्कमध्ये मॅन ओ वॉर या शर्यतीच्या घोड्याच्या पुतळ्याजवळ फोटो सगळेच काढतात. तिथेच जवळ आयझॅक मर्फीची कबर आहे, ती चुकवू नका. १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन केंटकी डर्बी शर्यती जिंकणारा हा कृष्णवर्णीय जॉकी. १८७५च्या पहिल्या डर्बीत १५पैकी १३ स्वार कृष्णवर्णीय होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मर्फीची मूळ कबर कित्येक वर्षं विस्मृतीत गेली होती, हे वाचून फार वाईट वाटलं. घोड्यांची नावं पाठ असतात, स्वारांची का नाहीत?

*

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी भर घालतो ती मोतद्दारांची. कीनलँडला (हे रेसकोर्स १९३६चं) सकाळी सराव बघायला जा. धावून आलेल्या घोड्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. एक म्हातारे मोतद्दार घोड्याला अंघोळ घालत होते. पाय धुताना वाकून त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते आणि घोडा कान त्यांच्याकडे वळवून स्तब्ध उभा होता. शर्यत बघायची राहिली, त्याचं काही वाटलं नाही.