रॉयल कलकत्ता: नुसताच जुना, की खेळण्यासारखाही?

बोगीबहाद्दर
जानेवारीत कोलकात्यात एक सकाळ मोकळी आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबबद्दल दोनच गोष्टी कानावर येतात: फार जुना आणि फार सपाट. वारसा ठीक, पण खेळायला काय आहे? हँडिकॅप १६ (म्हणजे मधल्या दर्जाचा), ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) २१० यार्ड, बॉल उजवीकडे पळतो.

तळ्याकाठी
जुना म्हणजे १८२९चा. सुरुवात दमदमला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब हाच. युरोप खंडातला पहिला, फ्रान्समधल्या पो गावचा, थेट १८५६चा. पाचव्या जॉर्जने 'रॉयल' केलं १९११मध्ये. दक्षिण कोलकात्यात टॉलीगंजला येऊनही आता शतक उलटलंय.

सपाट आहे, कबूल. मुळात ती भातशेतीची जमीन. तळी खणली आणि निघालेली माती टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन (भोकाभोवतीची बारीक गवताची जागा) उचलायला वापरली. म्हणजे तिथलं पाणी शोभेचं नाही, ग्रीनखालची माती तिथूनच आली. लोक हे लक्षात न घेता 'चढउतार नाहीत, मजा नाही' म्हणून मोकळे होतात.

खरी गोम अशी की तळ्याचा काठ जमिनीला लागून असतो. टीवरून पाणी दिसतच नाही किंवा चांदीची बारीक रेघ दिसते, आणि अंतराचा अंदाज साफ चुकतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) भोकातल्या झेंड्याचं अंतर सांगतो, काठाचं नाही. कॅडीला (पिशवी वाहणाऱ्या सोबत्याला) दोन आकडे विचारा: अलीकडचा काठ किती, पलीकडचा किती. तुमचे २१० यार्ड घरंगळण्यासकट आहेत ना? मग हवेतले १९०च धरा. पलीकडचा काठ १८५वर असेल तर पाचच यार्ड हाताशी उरतात; ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायची काठी) ठेवून द्या, तळ्याअलीकडेच थांबा.

हरळी
गवताबद्दल. तिकडे जिला दूब म्हणतात ती आपली हरळीच. थंडीत ती सुस्तावते, पिवळी पडते, फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या पट्ट्यावर) बॉलखाली गादी राहत नाही. जाड तळाची वेज (बॉल उंच उडवायची काठी) टणक जमिनीवर उसळते, बॉलच्या वरच्या भागावर बसते आणि बॉल ग्रीनपार जातो. आठ नंबरच्या काठीने घरंगळत नेलेला बरा.

पटिंगला (ग्रीनवर बॉल घरंगळवताना) गवताच्या पात्यांचा कल बघा. बॉलमागून गवत चकाकलं तर कल पुढे, बॉल पळणार. काळपट दिसलं तर अडणार. शंका असेल तर भोकाची कड पाहा: ज्या बाजूला ती वाळलेली, भुरभुरीत, कल त्या दिशेला.

बोगीबहाद्दर
वा! आणि दमट हवेत बॉल जड होऊन कमी जातो म्हणतात, तर एक क्लब जास्त (म्हणजे लांब जाणारी काठी) घेऊ का?

हरळी
ते उलटं आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. अंतर जातं ते दोन कारणांनी: पहाटेची गार हवा दाट असते, आणि दवाने ओल्या फेअरवेवर बॉल घरंगळत नाही. ऊन चढेपर्यंत एक क्लब जास्त, नंतर नेहमीचा.

तळ्याकाठी
उजवीकडे पळणाऱ्या बॉलसाठी: पाण्याकडेला लाल खुंट्या असतील तर एका फटक्याचा दंड घेऊन, बॉलने कड जिथे शेवटची ओलांडली तिथून दोन काठ्यांच्या लांबीत, भोकाच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. पिवळ्या असतील तर ही बाजूची सवलत नाही. आणि बॉल पाण्यात गेल्याची जवळपास खात्री हवी. काठच्या उंच गवतात गेला असेल आणि तीन मिनिटांत सापडला नाही, तर तो हरवलेला. मागे जाऊन परत मारा. म्हणून शंका आली की आधीच प्रोव्हिजनल (पहिला बॉल हरवला तर धरायचा राखीव बॉल) मारून ठेवा.

मुंबईकर पटर
जुनेपणात आपणही मागे नाही हं! मुंबईत गोल्फ क्लब निघाला १८४२मध्ये. त्याने १८४५मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबला दिलेल्या पदकाला 'बॉम्बे सिल्व्हर मेडल' म्हणतात.

कामाचं: टॉलीगंज क्लब वेगळा, तिथेही गोल्फ आहे. टॅक्सीत नुसतं 'टॉलीगंज, गोल्फ' सांगाल तर भलत्याच फाटकाशी उतराल. 'गोल्फ क्लब रोड' सांगा. पाहुण्यांचे नियम आधी ईमेलने विचारून घ्या, आपल्या क्लबच्या सेक्रेटरीचं पत्र आणि हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवा. बॉल मात्र डझनभर जास्त.