मदत हवी आहे : आईच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्या भाषेत स्मरण-उपासनेला, काय वाचू?

नमस्कार मंडळी. आम्ही अचलपूर तालुक्यातले ख्रिस्ती. आई जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिचा जीवनवृत्तांत मी वाचायचा असं ठरलंय, वेळ पाचच मिनिटं. आणि पाळकसाहेब घड्याळ बघतात!

आई सहा भावंडांत थोरली. आजी लवकर गेली, म्हणून मामा-मावश्यांना तिनंच वाढवलं. सत्तरीतले मामा आजही तिला ‘मोठी बाई’च म्हणतात. कापूस वेचणीच्या दिवसांतही रविवार चुकला नाही. शनिवारी रात्रीच दानाचं नाणं पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. झोपेत गाठ बोचायची, पण सोडायची नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. तिचं आवडतं गीत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. ते मला पत्रिकेवर छापायचंय. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे हक्काचा प्रश्न नसावा. पण तिच्या पुस्तकातलं ते पान नेमकं अर्धं फाटलंय आणि ती कडवी स्वतःच्याच क्रमानं म्हणायची. छापील क्रम घ्यावा की तिचा?

दुसरं म्हणजे कबरीच्या दगडावरचं बायबलमधलं वचन. मामांना स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) हवंय, मावशीला २ तीमथ्य ४:७ (‘धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे’). मला दुसरं पटतं, पण मामांशी वाद कोण घालणार? तुमच्याकडे असं झालं तेव्हा कसं ठरवलंत? आणि जीवनवृत्तांताची सुरुवात जन्मतारखेनं करू की पदराच्या गाठीनं?