विद्याशाखा आणि स्कूल एकच का?

काही जण म्हणतात की विद्यापीठातली ‘स्कूल’ म्हणजे विद्याशाखेलाच (फॅकल्टीलाच) दिलेलं नवं नाव. मला तसं वाटत नाही. विद्याशाखा म्हणजे अधिष्ठाता, अभ्यास मंडळं, पदवीचे नियम. महाराष्ट्रात २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अशा चारच विद्याशाखा ठेवल्या. स्कूलचा संबंध रोजच्या शिकण्या-शिकवण्याशी: कोणते विषय एका छत्राखाली यायचे, हा तिथला प्रश्न.

ताळगावच्या पठारावर आपलं गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं, तेव्हा विभाग सुटे सुटे होते. आता तिथल्या शणै गोंयबाब या भाषा-साहित्याच्या स्कूलमध्ये मराठी, कोंकणी, हिंदी, पोर्तुगीज शेजारी शेजारी आहेत. गोव्यात याचं मोल फार आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ‘ख्रिस्तपुराण’ हे ख्रिस्तकथेचं काव्यच घ्या. भाषा मराठी, कोंकणीची छटा असलेली; १६१६मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं ते रोमन लिपीत, आणि त्या काळचे इथले कागद पोर्तुगीजमध्ये. एकट्या मराठी विभागात बसून हे पुरतं उलगडत नाही. विद्यार्थ्याला शेजारच्या वर्गातला पेपर घेता आला पाहिजे, त्याचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरले गेले पाहिजेत. वेळापत्रकंच एकमेकांवर आदळली तर मात्र एकत्र आणून उपयोग नाही.

इतिहास विभाग वेगळ्या, डी. डी. कोसंबी या सामाजिक शास्त्रांच्या स्कूलमध्ये आहे. या विषयासाठी तोही लागतोच, तेव्हा दोन स्कूलमधली वाटही मोकळी हवी.