नोन्नाची शिलाई
कुणीतरी लिहिलंय की इटलीहून अमेरिकेत आलेल्या बायका घरबसल्या शिवायच्या, बाकी काही नाही. मला नाही पटलं. न्यूयॉर्कला आमच्या शेजारच्या इटालियन आजी, नातवंडं नोन्ना म्हणायची म्हणून आम्हीपण नोन्नाच, फॅक्टरीत पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, ड्रेस शिवायच्या आणि लोकल 89 च्या मेंबर होत्या, म्हणजे इटालियन ड्रेस कामगारांची 1919 ला निघालेली युनियन, फार अभिमान होता त्यांना त्याचा. न्यूयॉर्कच्याच ट्रँगल या कपडे शिवायच्या फॅक्टरीची आग (25 मार्च 1911, 146 जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी, आणि एक दार कुलूपबंद!!) त्यांच्या जन्माआधीची, तरी कुठल्याही हॉलमध्ये शिरल्या की आधी मागचं दार उघडतंय का बघायच्या. माझ्या लेकीच्या परकराला त्यांनी हातानं घातलेली टीप अजून उसवली नाहीये.