लॅटिन शब्दसंग्रह आणि रोमचा इतिहास एकत्र कसा अभ्यासावा?

प्रश्न (धाराशिव)
तेरच्या संग्रहालयात रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा पाहिल्यापासून मी रोमचा इतिहास वाचत आहे आणि सोबत लॅटिनही शिकू लागलो आहे. ‘कॉन्सुल’ (सर्वोच्च निर्वाचित अधिकारी), ‘सेनातुस’ (ज्येष्ठांची सभा), ‘लेगिओ’ (सैन्याची मोठी तुकडी) हे शब्द वाचता वाचताच पाठ झाले. मात्र मूळ लॅटिन वाक्य समोर आले की क्रियापदापाशी अडते. शब्दांची यादी वेगळी पाठ करावी, की ओघात येतील तसे शब्द टिपत जावे?

उत्तर (परभणी)
यादी बाजूला ठेवून वाक्य धरावे, असे मला ठामपणे वाटते. इतिहासाच्या पुस्तकांतून पदांची आणि संस्थांची नावे तेवढी मिळतात. क्रियापदे मूळ मजकुरातच भेटतात. सम्राट ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त लिहून ठेवला आणि ज्याची प्रत अंकारा येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे, त्यात हे वाक्य येते : ‘आद मे एक्स इंदिया रेगुम लेगातिओनेस साएपे मिस्साए सुंत’, म्हणजे ‘माझ्याकडे भारतातून राजांच्या वकिलाती अनेकदा पाठवल्या गेल्या’. ‘रेगुम’ हे ‘रेक्स’चे, म्हणजे राजा या शब्दाचे, षष्ठीचे अनेकवचन आहे. ‘लेगातिओ’ (वकिलात) स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘मिस्साए’ झाले, जसे आपल्याकडे ‘वकिलाती पाठवल्या’ होते. वहीत मात्र ‘पाठवणे’ या क्रियापदाची ‘मित्तो, मित्तेरे, मीसी, मिस्सुम’ ही चारही रूपे एकत्र लिहावीत, कारण ‘मिस्साए’वरून ‘मित्तो’ ओळखता आले नाही तर कोशात नेमके काय शोधायचे हेच कळत नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
वरील मताशी सहमत आहे. नाण्यांवरील लेखही अवश्य वाचावेत. दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडलेल्या सम्राट तिबेरियसच्या (कारकीर्द इ. स. १४ ते ३७) चांदीच्या दिनारांवर ‘दीवी आउग फ’ अशी अक्षरे असतात, त्यांतील ‘फ’ म्हणजे ‘फीलियुस’, आणि पूर्ण अर्थ ‘देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र’. एक गोष्ट ध्यानात असावी : पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांचा उल्लेख करणारा ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराची माहिती देणारा प्राचीन ग्रंथ ग्रीक भाषेत आहे. याच व्यापाराविषयी लॅटिनमध्ये वाचायचे तर प्लिनी या रोमन लेखकाकडे वळावे. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो, अशी तक्रार त्याने केली आहे.

उत्तर (नांदेड)
प्लिनीची वाक्यरचना नवशिक्याला जड जाते. त्याआधी सीझरचे गॉल युद्धाचे वर्णन घ्यावे. त्यात ‘कास्त्रा’ (छावणी), ‘फ्लूमेन’ (नदी) आणि ‘मित्तो’सारखी क्रियापदे इतक्या वेळा येतात की ती वेगळी पाठ करावी लागत नाहीत.