३० एप्रिल : सायगावातलं संचलन पुरे करावं का?

चावडीवाला : ३० एप्रिल १९७५ला उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी दक्षिणेची राजधानी सायगाव, म्हणजे आजचं हो चि मिन्ह शहर, घेतलं. व्हिएतनाममध्ये या सुट्टीचं सरकारी नाव 'दक्षिणेची मुक्ती, देशाचं एकीकरण'. २०२५ला पन्नास वर्षं झाली म्हणून हो चि मिन्ह शहरात जंगी संचलन झालं, चीन-लाओस-कंबोडियाच्या तुकड्याही चालल्या. माझ्या मते हे थांबवावं. भाऊबंदकीतल्या जयाचे ढोल किती वर्षं बडवायचे? माजी पंतप्रधान वो वान किएत यांनी २००५मध्येच सांगितलं होतं की या दिवशी लाखो लोक हसतात तसे लाखो रडतात. आणि त्यांची स्वतःची बायको आणि दोन मुलं अमेरिकी हल्ल्यात मेली होती.

तिरफळ : भाऊबंदकी म्हणून सोडून देताय. १९५४च्या जिनिव्हा करारातली १७व्या अक्षांशाजवळची उत्तर-दक्षिण वेगळी करणारी रेषा तात्पुरती होती. १९५६ला देशभर निवडणूक ठरलेली. देखरेखीच्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, तरी ती झालीच नाही. पुढे पाच लाखांवर अमेरिकी सैन्य उतरलं. ते हटवणाऱ्यांनी संचलन करायचं नाही, तर कुणी करायचं?

रात्रपाळी : दोघांनीही आधी तपशील नीट लावा. एकीकरण ३० एप्रिल १९७५ला झालंच नाही. त्या दिवशी दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झुआँग वान मिन्ह शरण आले. पदावर बसून त्यांना जेमतेम दोन दिवस झाले होते. त्यांच्या राजवाड्यावर चढला तो लाल-निळा, मधे पिवळा तारा असलेला, उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेतल्या मुक्ती आघाडीचा झेंडा, आजचा नव्हे. कागदावर देश एक झाला २ जुलै १९७६ला. झेंडा चढल्याची वेळही जपून लिहा : साडेअकरा हे उत्तरेच्या राजधानीचं, हनोईचं घड्याळ, सायगावचं तासाने पुढे. आणि राजवाड्याचं मुख्य फाटक फोडलं ३९० क्रमांकाच्या रणगाड्याने. ८४३ बाजूच्या फाटकात अडकला. त्याचा प्रमुख उतरून झेंडा घेऊन धावला, म्हणून वर्षानुवर्षं श्रेय ८४३ला. फ्रेंच छायाचित्रकार स्त्रीच्या फोटोने ते फिरलं.

चावडीवाला : म्हणजे नावातच घोळ! मग सोहळ्याऐवजी कामाचं बघा. बिएन होआजवळ दक्षिणेच्या सैनिकांची सुमारे १६ हजार थडगी आहेत. २००६मध्ये दफनभूमी लष्कराकडून मुलकी प्रशासनाकडे आली, नातलग उदबत्त्या लावू शकतात. पण आत लावलेल्या झाडांची मुळं थडगी उचकटतात आणि डागडुजी घरच्यांच्या खिशातून. उत्तरेच्या शहिदांची चुओंग सोन दफनभूमी मात्र सरकार सांभाळतं. ती मुळं काढा, दगड बसवा, पुसलेली नावं कोरा. संचलनाच्या खर्चापुढे हे किरकोळ आहे.

तिरफळ : दुरुस्तीला ना नाही. पण तिथे कुणी तीन लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा, म्हणजे जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, काढला की प्रकरण पोलिसांत. परदेशातले व्हिएतनामी याच तारखेला 'काळा एप्रिल' पाळतात, कॅनडाने तर २०१५मध्ये त्यासाठी कायदाच केला आणि हनोईने निषेध नोंदवला. थडग्यांचा विषय ३० एप्रिलला जोडलात की तो याच भांडणात सापडेल. मृतांसाठी २७ जुलै हा दिवस आहेच.

रात्रपाळी : २७ जुलै सरकारच्या यादीतल्या जखमी-शहिदांचा. दक्षिणेचा सैनिक त्या यादीत नाही, त्याच्या विधवेला निवृत्तिवेतनही नाही. १९७५ला 'महिनाभराचं सामान घेऊन या' म्हणून बोलावलेल्या अधिकाऱ्यांपैकी कित्येकजण 'पुनर्शिक्षणा'च्या छावण्यांत वर्षानुवर्षं डांबलेले राहिले. त्यांच्या घरच्यांना २७ जुलै सुचवणं म्हणजे बंद दार दाखवणं झालं.

तिरफळ : मग २ जुलै घ्या. तुम्हीच म्हणालात, खरं एकीकरण त्या दिवशी.

चावडीवाला : त्याच दिवशी सायगावचं नाव बदललं. पिवळा झेंडावाले त्या तारखेला येतील होय!